पंधरावी कोंबडी

"चौदा मेल्या आणि माझी एकटी जगली, याचा अर्थ काय होतो बाबा? तुम्हीच सांगा."

लतीफशा फकीर चिंचेखाली बसून कांदे सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"बस आधी."

"बसायला वेळ नाहीये."

वेळ नव्हता, हे खरंच होतं. कोंबड्यांच्या संशोधन केंद्रातल्या डॉक्टर हेमंत वाघचौरेची जीप टेकडीखाली उभी होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या नव्या जातीची सहाशे पिल्लं चाळीस बायकांच्या अंगणात पोचायची होती. मांडव पडला होता, पाहुणे ठरले होते, भाषण पाठ झालं होतं. अशा वेळी शहाणा माणूस घरी थांबतो. हा मात्र गुरुवार चुकवायचा नाही म्हणून भर उन्हात टेकडी चढून आला होता.

तीन वर्षं तो असाच येत होता. कुणी विचारलं तर म्हणायचा, तकियावरच्या नवसाच्या कोंबड्या बघायला जातो. नवस फेडायला आसपासचे लोक फकिराच्या या ठाण्यावर कोंबडी आणून सोडत. सोडलेली कोंबडी कापायची नाही, विकायची नाही, असा इथला नेम. त्यामुळे आवारात सदानकदा पाचपन्नास कोंबड्या उकरत असायच्या. पण हेमंत यायचा तो बाबांसाठी. एवढा शिकलेला माणूस फकिराचा शिष्य, हे कबूल करायला त्याची जीभ वळत नसे, इतकंच.

"अर्थ सरळ आहे," तो आपणच म्हणाला. "गावात हगवणीची साथ आली. सोजरबाईच्या चौदा गावरान कोंबड्या आठ दिवसांत आडव्या झाल्या. आणि त्याच खुराड्यात, तेच पाणी पिऊन, मी दिलेली पंधरावी ठणठणीत. बाबा, दहा पिढ्या घालवल्या मी त्या रक्तासाठी! दर पिढीला जंतू पाजायचा, मरतील त्या मरू द्यायच्या, उरतील त्यांची अंडी उबवायची. यापेक्षा मोठा पुरावा कुठला पाहिजे?"

"सोजरबाई काय म्हणाली?"

"रडत होती."

"आन तू?"

"मी फोटो काढला," हेमंत म्हणाला. "कोंबडीचा. उद्या दाखवायला."

बाबांनी सोललेला कांदा ताटलीत ठेवला आणि दुसरा घेतला.

हेमंत चिंचेच्या पारावर टेकला, लगेच उठला, पुन्हा टेकला. तीन रात्री त्याचा डोळा लागला नव्हता. का, ते त्याला सांगता येत नव्हतं. पुरावा हातात होता, कौतुक दारात होतं, आणि तरी तो रात्री उठून तोच फोटो बघत बसायचा. त्याला स्वतःचाच राग येत होता.

"तुम्ही फक्त म्हणा, की उद्या होऊ दे," तो म्हणाला. "मी निघतो."

"मी म्हणून काय हुतंय? मला काय कळतंय त्यातलं?"

"तरी म्हणा."

बाबा उठले. गुडघ्यावर हात देत, सावकाश. आवाराच्या कोपऱ्यात, बाकीच्या कोंबड्यांपासून चांगली लांब, कोंबड्या झाकायचं एक बांबूचं डालगं पालथं घातलेलं होतं. वर दगड ठेवला होता. बाबांनी दगड बाजूला केला, डालगं जरासं उचललं. आत तपकिरी, भरल्या अंगाची कोंबडी होती.

हेमंतने ती तत्काळ ओळखली. पायात त्याच्या केंद्राचं निळं वळं होतं.

"ही तर सोजरबाईला दिलेली! इथं कशी?"

"तिनं आणून सोडली. म्हणली, ही डोळ्यांपुढं नको."

"पण हिला कोंडलंय का? काय झालंय हिला?"

"हिला काय बी न्हाई झालं," बाबा म्हणाले. "म्हणून कोंडली."

हेमंत हसला. त्याने वाकून कोंबडी बाहेर काढली आणि सराईत हातांनी तपासायला लागला. तुरा लालबुंद. डोळा पाणीदार. छातीचं हाड मांसाने भरलेलं. पंख झाडून पाहिले, चोच उघडून पाहिली. नाव ठेवायला जागा नव्हती. दहा पिढ्यांची मेहनत हातात धडधडत होती आणि त्याला आनंद झाला, अगदी पोटच्या पोरीचा निकाल लागल्यासारखा.

"अकरा वर्षांत मी एक रजा घेतली नाही बाबा, या कोंबडीपायी," तो म्हणाला. "हाताखालची तीन माणसं सोडून गेली. घुगे नावाचा होता, त्याला तर रक्तदाबाच्या गोळ्या लागल्या. रडायचा माझ्यासमोर. मी मात्र ठणठणीत. साधं डोकंसुद्धा दुखलं नाही माझं कधी."

"व्हय, दिसतंयच की."

बाबांनी रुमालात बांधलेले जोंधळ्याचे दाणे काढले आणि आवाराच्या मधोमध उधळले. चहूकडून कोंबड्या धावल्या. एक काळी कोंबडी नऊ पिल्लं घेऊन आली. ती पिल्लांना दाणा दाखवायची, टाकायची, परत उचलून दाखवायची.

"सोड तिला," बाबा म्हणाले.

"कुणाला?"

"तुझीला. यांच्यात सोड. तुझ्या हातानं."

"मग तुम्हीच का नाही सोडलीत?"

"मी अडाणी. तू सोड."

एवढंसं काम. वाकायचं, हात मोकळे करायचे. हेमंत दोन पावलं पुढं गेला. काळी कोंबडी त्याच्या बुटापाशी आली, नऊ पिल्लं तिच्या मागोमाग. एक पिल्लू तर बुटाच्या नाडीवरच चोच मारायला लागलं.

तो वाकला.

हात सुटेनात.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"काही नाही."

"तुझीला काय हुणार हाय का?"

"तिला? तिला काय होणार?"

"मग सोड की."

हेमंतच्या कपाळावर घाम आला. सोजरबाईचं खुराडं त्याच्या डोळ्यांपुढं आलं. त्या दिवशी त्याने ते नीट पाहिलं नव्हतं, चौकटीत कोंबडी तेवढी घेतली होती. आता बाकीचं दिसत होतं. पदराने तोंड दाबून उभी असलेली बाई दिसत होती. आणि तिचं बोलणं ऐकू येत होतं, जे तेव्हा त्याने कानाआड केलं होतं. सायब, आधी ती मेली जी हिच्या शेजारी बसायची. मग तिच्या शेजारची. रांगेनं गेल्या हो.

तेवढ्यात हातातली कोंबडी जराशी आकसली आणि त्याच्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर शिटली.

एरवी त्याने झटकून टाकलं असतं. आता तो बाहीकडे पाहत राहिला. दहा पिढ्या. मेलेल्या प्रत्येक कोंबडीचं पोट फाडून त्याने जंतू शोधला होता. जगलेलीच्या पोटात कधी काही शोधलं नव्हतं. जगली की पास, हा त्याचाच नियम. तिच्या पोटात जंतू मेला, की तिथंच सुखाने नांदत राहिला आणि रोज बाहेर पडत राहिला, हे विचारायचं त्याला एकदाही सुचलं नव्हतं. हिला बाधत नाही, एवढ्यावर तो खूश होता. कुणाला बाधतं, हा प्रश्नच नव्हता त्याच्या वहीत.

आणि उद्या सहाशे. चाळीस अंगणांत.

त्याला भीती वाटली. नुसती काळजी नव्हे, भीती. तो पटकन मागे सरला. पिल्लं बुटाखाली येऊ नयेत म्हणून चवड्यांवर चालत कोपऱ्यात गेला, कोंबडी डालग्याखाली ठेवली आणि दगड स्वतःच्या हाताने वर ठेवला.

खिशातला फोन वाजला. त्याची नवी मदतनीस, मंदाकिनी.

"सर, टेम्पो आलाय. खोकी आजच भरून ठेवू का? सकाळी घाई नको."

"नको भरू. टेम्पो परत पाठव."

"परत? सर, उद्या पाहुणे..."

"पाहुण्यांना मी कळवतो. सगळ्या पिल्लांची विष्ठा तपासायला घ्यायची. त्यांच्या आयांचीसुद्धा."

"पण सर, सगळी जिवंत आहेत. एकसुद्धा आजारी नाही."

"म्हणूनच."

पलीकडे मंदाकिनी गप्प झाली. साहेब आता ओरडतील, म्हणून वाट पाहत असावी. हेमंतला ती शांतता ऐकू आली. घुगेही फोनवर अशीच वाट पाहायचा. हे आजवर कसं लक्षात आलं नाही?

"मंदाताई," तो म्हणाला. ताई तो कधी म्हणत नसे. "मी आधी सोजरबाईकडे जाऊन मग येतो. तुम्ही जेवून घ्या."

"सर... तुमची तब्येत बरी नाही का?"

त्याने डालग्याकडे पाहिलं. मग बाहीकडे.

"नाही," तो म्हणाला. "बरं नाही वाटत मला."

फोन ठेवून तो पारावर बसला. या वेळी उठला नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, मान खाली घालून बसला.

बाबांनी कांद्याची ताटली बाजूला सरकवली. माठातलं पाणी आणून त्याच्यापुढं ठेवलं. बाहीला हात लावला नाही. कपाळाला लावला.

"पडलास एकदाचा आजारी," ते म्हणाले. "आता तुला डालग्याखाली ठेवायची गरज न्हाई."