तीन तळ्यांचा राजा आणि टिटवी

एका राज्यात एक नदी होती. खरे सांगायचे तर नदी होती म्हणून राज्य होते. पूर्वजांनी तिच्यावर एकाखाली एक अशी तीन अफाट तळी बांधली होती आणि प्रत्येक तळ्याला एकेक लोखंडी दार बसवले होते. पावसाळ्यात साठवावे, उन्हाळ्यात सोडावे, असा रिवाज. पण धराधर राजा गादीवर आला आणि रिवाज मोडला. त्याला भरलेले तळे पाहण्याचा भारी नाद! वरच्या तळ्याच्या भिंतीवर त्याने सिंहासन मांडले. तिथेच जेवावे, तिथेच निजावे, आणि पाण्याकडे पाहून म्हणावे, "माझे! माझे!" दारे बंद ती बंदच.

एके दिवशी नदीच्या मुखाकडून खारी नावाची जादूगारीण आली. कमरेवर रिकामी घागर.

"राजा, गोडे पाणी खाली येईना, म्हणून समुद्र वर सरकला. आमच्या विहिरी खारट झाल्या. घागरभर पाणी दे."

"थेंबही नाही," राजा म्हणाला. "पाऊस पडला नाही तर?"

"बरे तर. पाणी धरून बैस. हे तळे चढेल तसा तू दगड होशील. काठोकाठ भरले की ओठांचाही दगड."

घागर तिथेच ठेवून खारी गेली. राजा हसला. पण तळे चढले तशी त्याची पावले दगड झाली, मग गुडघे, मग कंबर. राजवैद्य आले, दगडाला तेल चोळून परत गेले.

राजाला एकुलती एक लेक, सुवेला. आईवेगळ्या पोरीला बाप तेवढाच. हट्टी होता, चिक्कू होता, पण तिचा होता. ती त्याला हाताने भरवी आणि भिंतीआड जाऊन रडे. एका दुपारी तिथे टिटवी येऊन बसली.

"राजकन्ये, रडतेस काय? मोठा पूर येतो आहे. यंदा मी अंडी फार उंच घातली."

टिटवीने पात्रात अंडी घातली तर पाऊस बेताचा, टेकाडावर घातली तर जोराचा, हे त्या राज्यात शेंबडे पोरही जाणत होते.

"किती उंच, टिटवीबाई?"

"त्याहून उंच जागा राज्यात नाही. वेळ आली की दाखवीन. पूर आला तर तुझा बाप ओठांपर्यंत दगड होईल, आणि भरली तळी फुटून खालची गावे वाहून जातील."

सुवेला उठली ती थेट वरच्या दाराला खांदा लावायला धावली. टिटवी खो खो हसली.

"अगं, दाटीची पंगत उठवायची तर आधी दाराजवळचा उठतो. आतला आधी उठला की साऱ्यांच्या पानांत पाय! वरचे पाणी सोडशील तर मधले तळे फुटेल. खालून सुरुवात कर."

खालच्या दारावर मगर होता.

"मगरराज, दार उघडा."

"उघडतो. पण नदीच्या कोरड्या पात्रात लोकांनी कलिंगडाच्या वाड्या केल्यात, झोपड्या घातल्यात. माझ्या पाण्याने एकही चूल विझता कामा नये."

सुवेला गळ्यात डफ अडकवून पात्रात उतरली. "पाणी येतंय हो! काठावर चला!"

येसाऊ नावाची म्हातारी वेलापाशी फतकल मारून बसली. "आत्ता कुठं गोड व्हाया लागल्यात, बाई. मी न्हाई हालायची."

"मग आजी, फळांसकट चला!" सुवेलाने पदर खोचला आणि दोन्ही काखांत दोन कलिंगडे मारली. राजकन्या ओझे वाहते म्हटल्यावर कोण बसून राहील? सांज व्हायच्या आत पात्र मोकळे झाले. मगराने एक कलिंगड सालीसकट खाल्ले, तृप्तीने ढेकर दिली आणि शेपटीने दार उघडले.

मधल्या दारावर कासव होते. दाराला टेकवून राजाने सोन्याचे हंडे बुडवले होते. सोने सुवेलाच्याच लग्नाचे.

कासव म्हणाले, "हंडे शापित आहेत. 'माझे' म्हणून हात लावील तो तळाशी जाईल."

सुवेलाने बुडी मारली, हंड्याला हात लावला आणि मनात म्हणाली, "माझे नाहीत. ज्यांचे पाणी अडले, त्यांचे." हंडे गदागदा हलले, दार उघडले आणि ते बदकांसारखे डुलत दारातून बाहेर चालू लागले. त्यांच्यामागून पाणी निघाले.

वरच्या दारावर पहारा नव्हता. ते राजाच्या तोंडच्या एकाच शब्दाने उघडत असे: "घ्या." आणि हा शब्द धराधराने जन्मात उच्चारला नव्हता! सुवेला पोहोचली तेव्हा ढग दाटले होते, वरचे तळे चढत होते आणि राजा गळ्यापर्यंत दगड झाला होता.

"तात, घ्या म्हणा."

"आणि पाऊस आलाच नाही तर? दुष्काळात तुझी आई पाणी पाणी करत गेली, सुवेले. तुझ्या ओठांना कोरड पडू द्यायची नाही, म्हणून धरले मी हे पाणी."

सुवेलाला हे ठाऊकच नव्हते. तिने बापाच्या दगडी गळ्याला मिठी मारली.

तेवढ्यात टिटवी उडाली आणि राजाच्या उंच मुकुटात जाऊन बसली.

"कोण आहे तिथे?" राजा गरजला.

"मीच, महाराज. अंडी उबवते आहे. राज्यात याहून उंच जागा नाही, आणि आपण मुळीच हलत नाही. जागा पसंत पडली."

राजाने डोळे वर फिरवले. मग त्याला हसू फुटले, असे की दगडी छाती तडकली. "माझ्या डोक्यावर? म्हणजे पाऊस येणार तर! घ्या! अरे, घ्या सगळे, घ्या!"

दार करकरत उघडले. पाणी एका तळ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, तिथून समुद्राकडे नाचत गेले. मागोमाग पूर आला, पण आता तळ्यांत त्याला बसायला जागा होती. एक गाव बुडाले नाही, एक चूल विझली नाही. मुखाकडच्या विहिरी गोड झाल्या. खारी परत आली, आपली घागर बुडवून भरली, आणि राजाकडे पाहून हसली.

राजाच्या अंगावरचा दगड खपल्यांसारखा गळून पडला.

"उठा महाराज!" लोक ओरडले.

राजाने ओठांवर बोट ठेवले. "हळू बोला. पिले बाहेर यायची आहेत."

धो धो पाऊस कोसळत होता. सुवेला वर छत्र धरून उभी होती, येसाऊ राजाला कलिंगडाच्या फोडी भरवत होती. दगड होता तेव्हा त्याला हलता येत नव्हते. आता येत होते, तरी टिटवीची पिले उडून जाईपर्यंत राजा जागचा हलला नाही.