डावा कठडा

"सही का अडवून धरलीत, लहानूजी?"

कोळशाची गाडी सिग्नलसाठी थांबली होती. सगळ्यांत मागे, गार्डच्या डब्यात, दोघं होते. लहानूजी उरकुडे, सव्वीस वर्षं गार्ड. आणि सुरेंद्र ठेंगणे, शिकाऊ. आज त्याचा शेवटचा दिवस. कागदावर लहानूजींची सही झाली तर सोमवारपासून स्वतःची गाडी. नाही झाली तर घरी.

"पंधरा दिवसांतली एक चूक दाखवा," सुरेंद्र म्हणाला.

"नाही."

"नियम विचारा. तोंडपाठ आहेत."

"आहेत."

"मग हा डबा बघा. मी आलो तेव्हा बाकावर बोटभर कोळसा होता. तुम्ही त्याच्यावरच बसत होता. मी बाक घासला, काचा पुसल्या, फटींत चिंध्या कोंबल्या. आता सदरा दिवसभर पांढरा राहतो."

लहानूजींचा सदरा पांढरा नव्हता. उजवी बाही कोपरापर्यंत काळी होती.

"पुढं अठ्ठावन्न डबे कोळसा आहे," ते म्हणाले. "धूळ मागंच येणार."

"म्हणून तर दारं-खिडक्या लावून घेतो."

लहानूजी उठले.

"चल बाहेर."

बाहेर डब्याचा लहानसा ओटा होता. दोन्ही बाजूंना लोखंडी कठडा. उजव्या कठड्यावर हातभर जागेत रंग नव्हता, गंजही नव्हता. लोखंड विळ्याच्या पात्यासारखं चकाकत होतं.

"हा माझा," लहानूजी म्हणाले. "तो तुझा."

डाव्या कठड्यावर कोळशाची साय धरली होती. पंधरा दिवसांची. तिच्यावर एक बोट उमटलेलं नव्हतं.

सुरेंद्रने खिशातून फडकं काढलं.

"पुसतो. दोन मिनिटांचं काम."

"फडकं ठेव."

...

सिग्नल पडला. गाडी हलली. लहानूजी आत गेले, घासलेल्या बाकावर बसले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

सुरेंद्र बाहेरच राहिला.

दोन मैलांवर वळण आलं. वळणावर पुढची सगळी गाडी दिसते. पण कठडा धरून बाहेर झुकावं लागतं. तो डावा कठडा धरून झुकला. धूळ तोंडावर आली, डोळ्यांत गेली. त्याने डोळे मिटले नाहीत. मधल्या एका डब्याच्या चाकातून धूर निघत होता.

तो दार ढकलून आत आला.

"लहानूजी, धूर."

"मला काय सांगतोस?"

सुरेंद्रने ब्रेकचा दांडा ओढला. गाडी थांबली. तो खडीतून चालत गेला, चिकटलेला ब्रेक ओढून सोडवला, चाक निवेपर्यंत तिथंच उभा राहिला आणि परत आला. लहानूजी बाकावरच होते.

आता त्याने सही मागितली नाही. कोपऱ्यात उभा राहिला.

"कागद आण," लहानूजी म्हणाले.

त्याने खिशातून कागद काढला. मधोमध काळा अंगठा उमटला.

"खराब झाला..." सुरेंद्र म्हणाला. "हापिसातून दुसरा आणतो."

लहानूजींनी पेनाचं टोपण काढलं.

"वरची सही झाली. खाली मी करतो."