शंभर शेंगांची ठेव

प्राणी एकमेकांकडे ठेव ठेवत, त्या काळची गोष्ट. मरताना एका खारीने लेकीसाठी साठवलेल्या शंभर शेंगा उंदीरमामांकडे सोपवल्या. साऱ्या माळाचा हिशेब मामाच ठेवत, त्यांच्या शब्दावर कुणी शंका घेत नसे.

दुष्काळ पडला, तशी खारीची पोर चिंगी मामांच्या दारात आली. मामांनी शेंगा ओळीने मांडल्या. "मोज. एक जरी कमी भरली, तर नाव बदलीन."

शंभर भरल्या. चिंगीने एक उचलली, तर पिसासारखी हलकी! घाईघाईने तिने शेंगांमागून शेंगा फोडल्या. प्रत्येकीला बुडाशी बारीक भोक, आत दाणाच नाही.

"हिशेब चोख आहे ना?" मामांनी मिशा पुसत विचारलं.

"चोख आहे, मामा," चिंगी कशीबशी म्हणाली. "आता यातलं खाऊ काय, तेवढं सांगा."