ओव्याचे शेंडे

एका आडगावात एक आक्का खानावळ चालवायची. तिच्या ओव्याच्या पानांची भजी अशी, की माणसं वाट वाकडी करून जेवायला यायची. परसात ओव्याचं एकच झुडूप, त्यावर आक्काचा भारी जीव! भज्यांसाठी ती खालची मोठी पानं तोडायची, शेंड्याला मात्र कधी नख लावायची नाही. शेंडा गेला की झाड खुंटतं, असं तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

एका सकाळी पाहते तो काय, चार शेंडे गायब! "हे बकरीचं काम नव्हे, नखाचं आहे," आक्का पुटपुटली. झालं, डोक्यात किडा वळवळायला लागला. दूधवाला आला, त्याचे हात हुंगले. सरपणवाली आली, तिची बोटं हुंगली. पंगत वाढतानाही तिचं अर्धं लक्ष परसाकडेच.

तिसऱ्या दिवशी शेजारची जिजी सापडली. मुठीत शेंडे!

"काय गं, माझ्याच झाडावर डल्ला?"

जिजी गप्प. तिच्या नवऱ्याचा खोकला हटत नव्हता. आणि त्या गावची रीतच अशी, की औषधाचा पाला कुणाच्याही परसातून न विचारता खुडायचा आणि काढा उकळेपर्यंत अवाक्षर काढायचं नाही, नाहीतर गुण येत नाही. आक्कालाही हे ठाऊक होतं. पण एकदा संशय शिरला की ठाऊक असलेलं आठवतं कुठे?

"बोल की! चोराच्या मनात चांदणं!" आक्का कडाडली. काढा झाल्यावर जिजी सांगायला आली, तर हिने दार लावून घेतलं आणि झुडपाभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं.

दोन महिन्यांत झुडूप काठीसारखं उंच गेलं. खाली नुसती खोडं, वर चार पिवळी पानं. भजी बंद पडली, गिऱ्हाईक पांगलं, चूल विझायची वेळ आली. झाडपाल्यातलं कळणारी जवळपास एक जिजीच, म्हणून शेवटी आक्का रडकुंडीला येऊन तिच्या दारात उभी राहिली.

जिजी आली. काटे सारून तिने सगळे शेंडे छाटले. "आक्का, शेंडा खुडला की बाजूने दोन फुटतात. मी कधीपासून एखाददुसरा खुडत होते, तुझ्या ध्यानातही आलं नाही, म्हणून तर तुझं झाड दाट होतं."

आक्काचे डोळे भरून आले. "चुकलं गं माझं! रोज ये, हवं तेवढं ने."

"झाड येईल वर," जिजी हात धुत म्हणाली, "पण यापुढे तुझं तूच खुडत जा. ह्यांच्यासाठी मी वरच्या आळीतून पाला आणते. तुझ्या झाडाला शिवायला माझा हातच धजत नाही बघ."

तात्पर्य: माणूस गप्प आहे म्हणून त्याला चोर ठरवू नये, आधी त्याचं ऐकून घ्यावं, कुंपणाचं मग बघावं.