ठिपकीच्या घराचा पडदा

एक होतं मांजराचं पिल्लू. नाव ठिपकी. परसात तिचं जाळीचं घर. आत बसायची, चिमण्या बघायची.

थंडी आली. सगुणामावशीनं ठिपकीचं घर झाडलं, सर सर सर. जाळीची तार आवळली, कर्र कच्च. ताजा पेंढा अंथरला, खुसू खुसू. राहिला फक्त गोणपाटाचा पडदा.

"उन्हाळ्यात मीच काढला बाई. आता ठेवला कुठे, कोण जाणे," मावशी म्हणाली.

गार वारा आला, सूं सूं. ठिपकी कुडकुडली. ऊन जायच्या आत पडदा हवा. निघाली ठिपकी, दुडू दुडू.

गोठ्यात बसली होती कोंबडी. कशावर? ठिपकीच्या पडद्यावर! लबाड कुठली.

"कोंबडीताई, ऊठ ना गं.
पडदा मिळेना,
मला थंडी सोसेना."

कोंबडी म्हणाली, "आधी दाणे, मग उठणे."

ठिपकी गेली मावशीकडे, दुडू दुडू.

"मावशी, दाणे दे ना गं.
कोंबडी हलेना,
पडदा मिळेना,
मला थंडी सोसेना."

मावशी म्हणाली, "बाजरीत खडे आहेत, राणी. आधी सूप, मग दाणे."

सूप होतं शेळीपाशी. त्यातच तोंड घालून बसली होती. ठिपकी गेली, दुडू दुडू.

"शेळीबाई, सूप सोड ना गं.
मावशी पाखडेना,
कोंबडी हलेना,
पडदा मिळेना,
मला थंडी सोसेना."

शेळी म्हणाली, "आधी पाला, मग सूप."

पाला काढायचा शिवामामा. ठिपकी गेली, दुडू दुडू.

"मामा, पाला काढ ना रे.
शेळी सूप सोडेना,
मावशी पाखडेना,
कोंबडी हलेना,
पडदा मिळेना,
मला थंडी सोसेना."

मामाच्या मांडीवर होतं बाळ. मामा हळूच म्हणाला, "आधी बाळाची झोप, मग पाला."

"बाळा, झोप ना रे.
मामा उठेना,
शेळी सूप सोडेना,
मावशी पाखडेना,
कोंबडी हलेना,
पडदा मिळेना,
मला थंडी सोसेना."

बाळ म्हणालं, "आधी गुल्ल, मग गाई."

बाळाला हवं होतं ठिपकीचं गुर्र गुर्र. पण ठिपकीचे तर दात वाजत होते, कड कड कड. गुर्र येणार कुठून? बिच्चारी. डोळ्यांत पाणीच आलं तिच्या.

बाळानं तिला जवळ ओढलं. पोटाशी धरलं. बाळाचं पोट गरम गरम.

गु... गुर्... गुर्र गुर्र गुर्र!

आणि मग काय?
बाळ झोपलं,
मामा उठला,
शेळीनं पाला खाल्ला,
मावशीनं बाजरी पाखडली,
कोंबडी उठली, टुणकन.

मावशीनं पडदा झटकला, फट फट. जाळीला बांधला, घट्ट घट्ट. वारा बाहेर, ठिपकी आत.

इतक्यात पडदा हलला. कोण आलं? कोंबडी! पेंढ्यात आली आणि बसली फतकल मारून.

"अगं, ऊठ तिथून," मावशी म्हणाली.

"असू दे, मावशी," ठिपकी म्हणाली. कोंबडीच्या पंखाखाली शिरली.

आता
कोंबडी हलेना,
वारा शिरेना,
ठिपकीला थंडी वाजेना.
गुर्र, गुर्र, गुर्र.