देवीच्या पाटाखालचे पाणी

पूर्वी अपरान्ताच्या, म्हणजे आजच्या कोकणाच्या, किनाऱ्यावर सुबाहू नावाच्या राजाचे राज्य होते. तेव्हा बोधिसत्त्व तिथल्या बंदरात, नावा बांधणाऱ्या सुतारांच्या कुळात जन्मला होता. त्या जन्मी त्याचे नाव नंदिक. नंदिकाच्या नावेत कधी पाणी शिरत नाही, असे सगळे बंदर म्हणे. हे इतक्यांदा त्याच्या कानावर पडले होते की हळूहळू त्यालाही ते खरे वाटू लागले. घोटाळा तिथूनच सुरू झाला.

त्या बंदरात एक रीत होती. डोलकाठी उभी करण्याआधी तळाच्या मुख्य लाकडात, म्हणजे नावेच्या कण्यात, सुताराने स्वतःच्या हाताने बोटभर खोल भोक पाडायचे. त्यात चिमूटभर तांदूळ आणि एक मोती घालायचा, वर मेण लावायचे आणि त्यावर डोलकाठीचा पाट, म्हणजे काठीचा बुंधा टेकतो ती फळी, ठोकून बसवायचा. त्या पाटावर समुद्रदेवी येऊन बसते अशी श्रद्धा होती. एकदा बसवलेला पाट पुन्हा कोणी उचलत नसे.

यशोमित्र नावाच्या व्यापाऱ्याची मोठी नाव नंदिकाने बांधली आणि फळ्यांमधले सांधे खेमकाने भरले. तेलात मुरवलेला कापूस आणि राळ सांध्यात ठोकून बसवावी ती खेमकानेच. त्या कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. वीस वर्षे दोघे जोडीने काम करत आले होते. नाव पाण्यात उतरली, आणि दुसऱ्याच दिवशी पुढच्या भागात गुडघाभर पाणी!

"सांध्यातूनच येणार, दुसरं कुठून?" यशोमित्र म्हणाला. सगळ्यांनी नंदिकाकडे पाहिले. तोही बोलून गेला, "माझ्या लाकडात दोष नाही. मग उरलं काय?"

एवढेच बोलला. पण बोलला चारचौघांत, आणि बोलणारा नंदिक होता. खेमकाचे तोंड उतरले.

खेमकाने पुढचे सगळे सांधे उकरून पुन्हा भरले. पाणी थांबेना. मग त्याने तळ पुसून कोरडा केला, त्यावर सुकी राख पसरली आणि ती कुठून भिजते ते पाहत दिवसभर तिथेच ओणवा बसून राहिला. नंतर तो नंदिकाकडे आला.

"दादा, पाणी दिसतं पुढे, पण येतं मधून. नाव पुढून जरा दबलेली आहे, म्हणून ते तिकडे वाहत जातं. राख पहिल्यांदा भिजते ती पाटाच्या कडेला. एकदा पाट उचलून बघू या."

"देवीच्या पाटाला हात लावायचा? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"माझ्या पोटावर पाय येतोय हो, दादा."

"मग सांधे भरताना चुकलो म्हण, आणि मोकळा हो."

अरेरे, काय बोलून बसला! देवीचे नाव पुढे केले खरे, पण मनातली भीती वेगळीच होती. ते भोक पाडताना मुहूर्त टळत आला होता, ढोल वाजत होते, आणि घाईत त्याचा सामता, भोक पाडायचे ते हत्यार, दोन वेढे जास्त फिरला होता. टोकाशी लाकूड एकदम हलके लागले होते. ती आठवण वर आली की नंदिक ती दाबून टाकी.

श्रेणी नावाच्या कारागिरांच्या संघाने खेमकाची मोगरी, म्हणजे कापूस ठोकायची लाकडी हातोडी, काढून घेतली. मोगरी गेली की त्या बंदरात माणसाला काम नाही. महिनाभर तो दारोदार फिरला. शेवटी एका जुनाट नावेवर वल्हेकरी होऊन दक्षिणेला निघून गेला. जाताना बायकोला, उत्पलेला, एवढेच म्हणाला, "पाटाखाली आहे गं. कोणी बघितलंच, तर मला निरोप धाड."

नव्या माणसाने सांधे भरले, तरी पाणी येतच राहिले. आता मात्र नंदिकाला अन्न गोड लागेना. त्याने नाव किनाऱ्यावर ओढून ओंडक्यांवर चढवली आणि आत घोटाभर गेरूचे पाणी भरायला लावले. मग भर दुपारी सगळ्यांना जेवायला पाठवून तो एकटाच नावेखाली वाळूत आडवा झाला. सांधे ठणठणीत कोरडे होते. बराच वेळ गेला. मग कण्यावर, बरोबर डोलकाठीच्या खाली, एक लाल थेंब जमला आणि त्याच्या कपाळावर पडला.

एक खुंटी ठोकायची, वर चुना आणि तेल फासायचे, की झाले. कोणाला कळलेही नसते. त्याच पंधरवड्यात राजा त्याला राज्याचा मुख्य नौकाकार नेमणार होता. पण खेमकाचे ते उतरलेले तोंड त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. त्याला स्वतःची लाज वाटली. तो उठला, त्याने श्रेणीची घंटा बडवली, कपाळावरचा गेरू न पुसता सगळ्यांसमोर डोलकाठी उतरवून पाट उचलला आणि म्हणाला, "हे भोक माझं आहे. खेमकाचा एकही सांधा गळत नाही. मला तेव्हाच शंका होती, आणि मी गप्प बसलो."

मुख्य नौकाकाराचा मान गेला. यशोमित्र नको नको ते बोलला. नंदिकाने ते मान खाली घालून ऐकून घेतले, भोक बुजवले आणि खेमकाची मोगरी सोबत घेऊन त्याच नावेतून त्याला परत आणायला निघाला. वाटेत नावेत थेंबभर पाणी आले नाही.

तिसऱ्या बंदरात कोळ्यांनी सांगितले की ती जुनी नाव तळातून फुटली. बाकीचे पोहून आले. खेमक शेवटपर्यंत आत बसून फट बुजवत होता. ठोकायला हातात काही नव्हते, म्हणून दगडाने ठोकत होता.

नंदिक परत आला. मोगरी उत्पलेपुढे ठेवून तो ढसाढसा रडला. "उत्पले, मी खरं सांगितलं गं सगळ्यांना."

"कळलं मला, दादा," ती म्हणाली. "ह्यांच्या कानावर पडायला हवं होतं." मग तिने ती मोगरी उचलून त्याच्याच हातात दिली. "ही तुमच्याजवळच राहू दे. पुढं कुठल्या नावेत पाणी आलं, तर कोणाचं नाव घ्यायच्या आधी हिच्याकडे बघा."

त्यानंतर नंदिकाने जितक्या नावा बांधल्या, त्यांच्या आत पाट बसवण्याआधी पाणी भरून तो स्वतः खाली वाळूत आडवा होई. मोगरी छातीवर धरलेली असे.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, विहारात सांगितली. त्या सकाळी तेलाचा घडा फुटलेला सापडला होता, सगळ्यांनी मंगलिक नावाच्या नव्या भिक्खूला दोष दिला होता, आणि ज्याला खरे ठाऊक होते तो गप्प होता. शास्ते म्हणाले, "त्या जन्मीचा खेमक म्हणजे आजचा हा मंगलिक. उत्पला म्हणजे रोज दाराशी भिक्षा घालणारी त्याची आई. यशोमित्र म्हणजे आपला कोठारी. आणि नंदिक मीच होतो. सत्य ही पारमिता, बोधिसत्त्वाने पाळायचा हा श्रेष्ठ गुण, मी त्या जन्मी पाळली, पण उशिरा पाळली. तो उशीर मला नंतरच्या एकाही जन्मात भरून काढता आला नाही."

मागच्या रांगेतले एक वृद्ध भिक्खू उभे राहिले. "घडा माझ्या हातून फुटला," ते म्हणाले, आणि मंगलिकाजवळ जाऊन बसले.