पाइपावरची खूण

घाटाच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावात एक शेठ होते. बहिणीचा निरोप आला त्या सकाळी ते नेहमीसारखेच अंगणात आपल्या गाडीपाशी उभे होते, आणि गाडी नेहमीसारखीच बसलेली होती.

गाडी लांबलचक, काळी, परदेशी. शहरातल्या कुणा बड्या माणसाने मनसोक्त वापरून विकलेली. शेठनी ती स्वस्तात घेतली, आणि तिच्यात स्वस्त एवढं एकच निघालं. ती स्प्रिंगांऐवजी हवेच्या फुग्यांवर उभी राहायची. फुगे म्हातारे झाले होते, त्यामुळे रात्रभरात हवा जाऊन ती म्हशीसारखी खाली बसे आणि चालू केल्यावर कण्हत उठे. येणाराजाणारा विचारी, "काय शेठ, बाईसाहेब उठल्या नाहीत वाटतं अजून?"

कधी तिची काच खाली गेली की वर येत नसे. कधी तेल गळे. स्टिअरिंगसमोरच्या पाटीवर रोज बिघाडाचा नवा दिवा लागे, आणि तो विझवायचा तर एका शेळीची किंमत मोजावी लागे.

गावात ही गाडी दुरुस्त करणारा एकच माणूस होता. त्याला सगळे उस्ताद म्हणत. हात चांगला, तोंड त्याहून मोठं. त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं, "आता उघडलंच आहे तर..." या वाक्याने शेठना घाम फुटायचा. पट्टा बदलायला गाडी उघडली, की "उघडलंच आहे तर" पुलीही बदलायची. पुलीपाशी पोहोचलो, तर तिथलं सीलही. शेठना वाटे, हा माणूस गाडी दुरुस्त करत नाही, मला सोलतो.

परवाच तो म्हणाला होता, "शेठ, गाडी तापतेय. पाण्याचा पंप गेलाय. आणि पंप उघडलाच तर वरचा रबरी पाइपही बदलून टाकू, कडक झालाय."

शेठ मनात म्हणाले, हा जुनाच पाइप धुऊनपुसून परत बसवणार आणि पैसे नव्याचे घेणार. म्हणून त्या सकाळी त्यांनी बॉनेट उघडलं आणि दाढीच्या ब्लेडने पाइपाच्या खालच्या अंगाला, सहज दिसणार नाही अशी एक वरवरची चीर दिली. गाडी परत आली आणि चीर तिथेच असली, की चोर सापडला.

ब्लेड हातात असतानाच फोन वाजला. घाटापलीकडून भाचा बोलत होता. "मामा, आईचं काही खरं नाही. तुमचं नाव घेतेय. आजच निघा."

शेठ पायरीवर बसले. बायको म्हणाली, "अहो, बसता काय? आत्ताची एस.टी. मिळेल. गाडी द्या उस्तादकडे टाकून."

"एकटी? त्याच्याकडे?" शेठ म्हणाले. "परत येईन तेव्हा तिच्यात माझं काय शिल्लक असेल?"

"ताई वाट बघतायत हो."

"पंप बसवून घेतो आणि तिनेच जातो. समोर बसून बसवून घेतो."

एस.टी. गेली. शेठ उस्तादच्या गॅरेजात स्टूल टाकून बसले.

"शेठ, तुम्ही असे बघताय, जणू मी तुमच्या मुलीला बघायला आलोय," उस्ताद हसून म्हणाला.

"हात चालव. बहीण आजारी आहे. घाट चढायचाय मला."

उस्तादचं हसू मावळलं. तो लगेच कामाला लागला. आधीच आणून ठेवलेला नवा पंप बसवला आणि पाइपाकडे हात नेला. शेठ सावरून बसले. आता येणार ते वाक्य.

उस्तादने पाइप वरून चाचपला, दाबून पाहिला. म्हणाला, "नवा मागवायचा तर तालुक्याला माणूस धाडावा लागेल, तुमचा दिवस जाईल. हा कडक आहे, पण जाऊन येण्यापुरता टिकेल. तुम्ही निघा. ताईंना भेटून या, मग बघू."

त्याची बोटं चिरेच्या अगदी वर होती. शेठच्या ओठांवर आलं: अरे, खालून बघ. पण सांगावं तर खूण का केली तेही सांगावं लागणार. बारीक तर चीर आहे, असं म्हणून ते गप्प बसले आणि निघाले.

वाटेत त्यांना वेगळाच किडा चावू लागला. हा माणूस आपण होऊन पैसे सोडतो? मग नक्कीच दुसरं काहीतरी काढून घेतलं असणार. त्यांनी गाडी थांबवून डिकी उघडली. जादा चाक होतं. जॅक होता. बॅटरीही तीच होती. शेठ पुन्हा बसले, पण समाधान झालं नाही.

अर्ध्या घाटात बॉनेटखालून पांढरी वाफ उसळली. पाइप फाटला होता. ब्लेड लागलं होतं तिथूनच, सरळ रेषेत. शेठ कठड्याशी उभे राहून येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करत राहिले. बऱ्याच वेळाने एका ट्रकवाल्याने त्यांना बसवून घेतलं.

ते पोहोचले तेव्हा माणसं स्मशानातून परतली होती. भाच्याने त्यांच्या हातावर पाणी घातलं. म्हणाला, "दुपारपर्यंत विचारत होती, दादाची गाडी आली का म्हणून."

शेठ गावी परतल्यावर, पाइप फाटल्याचं ऐकून उस्ताद भेटायला आला. ओसरीवर बसला. म्हणाला, "शेठ, पाइप टिकेल असं मीच बोललो. माझाच हात चुकला. मला माफ करा."

शेठनी त्याच्याकडे पाहिलं. बायकोने चहा आणून ठेवला. शेठ म्हणाले, "चहा घे." उस्तादने चहा घेतला आणि तो गेला.

तात्पर्य: चोर पकडायला केलेली खूण आपल्याच वस्तूला जखम करते, आणि जो चोर नव्हता तो उगाच गुन्हेगार होऊन बसतो.

शेठना हे समजलं आहे. उस्तादला सांगायचं मात्र अजून राहिलं आहे.